ओढेल, पण थांबेल का?

"ओढेल का?" हा प्रश्न मला आयुष्यात जितक्या वेळा विचारला गेला, तितक्या वेळा "कशा आहात?" हाही कोणी विचारला नसेल. रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचं ट्रेलर बनवायचं वर्कशॉप होतं. ट्रेलर म्हणजे ज्याला स्वतःचं इंजिन नाही आणि जो दुसऱ्याच्या मागे जातो तो. नव्वदच्या दशकात अख्खी नवी मुंबई बांधायला काढलेली होती. जनरेटर, पाण्याच्या टाक्या, कॉम्प्रेसर, सगळं चाकांवर घालून आज नेरुळला तर उद्या खारघरला. ती चाकं आणि त्यावरचा सांगाडा आम्ही करायचो. वर्कशॉप माझ्या दिरांनी काढलं, त्यांचं मन दोन वर्षांत उडालं. माझ्याकडे मेकॅनिकलचा डिप्लोमा होता आणि मला घरात बसवत नव्हतं, म्हणून मी ते चालवायला घेतलं. माझी पार्श्वभूमी इतकीच.

तर, "ओढेल का?" गिऱ्हाईक कोणतंही असो, त्याची गाडी कोणतीही असो, पहिला प्रश्न हाच. सीबीडी बेलापूरचे एक वकील छोटी मोटार घेऊन आले होते. त्यांना मागे होडी लावून सुट्टीत मांडव्याला न्यायची होती.

"ओढेल का?"

"ओढेल."

"मग झालं तर."

"थांबेल का, ते विचारा."

"ब्रेक नवे केलेत मॅडम."

"तुमच्या गाडीचे ब्रेक तुमच्या गाडीसाठी केलेत. मागच्या पाहुण्यासाठी नाहीत."

वकीलसाहेब हसले. "तुम्ही धंदा करताय की धंदा घालवताय?" म्हणाले आणि गेले. त्यांनी होडीचा ट्रेलर दुसरीकडून करून घेतला असणार. असे बरेच जण गेले. मी अडवत बसले नाही, पण हुक मात्र माझ्या हाताने लावून दिला नाही.

या धंद्यातलं मुख्य ते इथे सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं. ओढणं हा सगळ्यात सोपा भाग. सपाट रस्त्यावर भरलेला ट्रेलर चार माणसं ढकलत नेतात. उतारावर तोच ट्रेलर त्याच चौघांच्या पाठीमागे सोडा, म्हणजे कोण कोणाला नेतंय ते कळेल. दुसरं, प्रत्येक गाडीवर पत्र्याची एक पाटी असते. गाडी स्वतःसकट जास्तीत जास्त किती वजनाची व्हावी, ते तिच्यावर कोरलेलं असतं. लोक गाडी घेताना ॲव्हरेज विचारतात, पाटी वाचत नाहीत. माणसं, सामान, डिझेल, सगळं त्या आकड्यात बसायला हवं. आणि ट्रेलरचं नाक गाडीच्या हुकावर जेवढा भार टाकतं, तोही त्याच आकड्यात धरायचा. हे कोणाच्याच लक्षात येत नाही. ट्रेलर त्याच्या चाकांवर उभा आहे, त्याचं वजन त्याच्याकडे, आपला काय संबंध, असं वाटतं.

हुकावरच्या भाराला आमच्या वर्कशॉपात बैलगाडीचे शब्द होते. आमचा फिटर हिराजी गोठिवलीचा, आगरी. मिठागरं आणि भातशेती होती तेव्हा त्याने गाड्या हाकल्या होत्या. मागे माल जास्त झाला की जू वर उचललं जातं, ती गाडी उलाळ. पुढे जास्त झाला की बैलाच्या मानेवर येतो, ती धुरजड. चांगली गाडी किंचित धुरजड हवी. ट्रेलरचंही तसंच. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा. उलाळ ट्रेलर मागे शेपूट हलवतो आणि ओढणाऱ्या गाडीची मागची चाकं वर उचलू बघतो. इंजिनिअर गिऱ्हाइकांनाही मी याच शब्दांत सांगायचे.

आता अब्दुलभाई.

उरणजवळ मोऱ्याच्या धक्क्यावर त्यांचा बर्फाचा धंदा होता. होड्यांना बर्फ पुरवायचा. त्याआधी बरीच वर्षं आखातात, क्रेनच्या यार्डात. ते वर्कशॉपात आले ते हातात मासिकातून कापलेलं एक रंगीत चित्र घेऊन. चित्रात समुद्राकाठी उभं असलेलं चाकांवरचं छोटं पांढरं घर, त्यापुढे खुर्च्या टाकून बसलेलं गोरं जोडपं.

"बाई, असा एक घर पायजे. लहान. माझ्या जीपच्या मागं."

"कशाला?"

गिऱ्हाइकाला कशाला विचारू नये म्हणतात. मी नेहमी विचारते. कशाला ते कळल्याशिवाय वजन कळत नाही.

त्यांनी सांगितलं. बायको, रुकय्या, चार वर्षांपूर्वी घराच्या पायऱ्यांवरून पडली. कंबर आणि मणका, दोन्ही गेले. वॉकर घेऊन घरात चालते, पण तासभरापेक्षा जास्त बसवत नाही, आडवं व्हावं लागतं. भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येत नाही. तिचं माहेर श्रीवर्धनच्या पलीकडे, समुद्राकाठचं गाव. तिथे तिची आई गेल्या वर्षापासून खाटेवर. आई इकडे येऊ शकत नाही, मुलगी तिकडे जाऊ शकत नाही.

"दोघी फोनवर रडतात," अब्दुलभाई म्हणाले. "काय बोलत नाय, नुसत्या रडतात. मिटर फिरतो."

"ॲम्ब्युलन्सने न्या."

"बोललो. ती म्हनते, म्हायेरात ॲम्ब्युलन्स गेली तर लोक मयत आली समजतील. आईच मरेल दारात." त्यांनी चित्र माझ्यापुढे सरकवलं. "यात संडास हाय, पलंग हाय. आपलाच घर घेऊन जायाचा. आईचा आता काय भरोसा नाय बाई. लवकर करा."

मी काम घेतलं. कॅम्पिंगचा ट्रेलर आम्ही आधी कधी केला नव्हता, पण सांगाडा, आस, पाटे, पत्रा, हे सगळं रोजचंच होतं. आतलं लाकूडकाम अब्दुलभाईंचा सुतार करणार होता.

पहिला खटका आठवड्यातच उडाला. पलंग कुठे, खिडकी कुठे, हे ठरवताना अब्दुलभाई बोलून गेले की रुकय्या आत झोपून प्रवास करेल.

"चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसणार नाही," मी म्हटलं.

"मग पलंग कशाला केला?"

"थांबल्यावर झोपायला. तुमच्या चित्रातली माणसं कुठे बसलीयत बघा. बाहेर, खुर्च्यांवर. तिकडे तरी चालताना आत बसतात का?"

त्यांनी चित्र पुन्हा डोळ्यांजवळ धरलं. "नाय," म्हणाले. "गाडीत बसतात."

"मग?"

"तिकडं त्यांच्या बायका बसू शकतात."

ते खरं होतं, पण म्हणून नियम बदलत नाही. हुक निसटला, टायर फुटला, तर आतल्या माणसाला काहीही करता येत नाही. तेव्हा जीपच्या मागच्या बाकड्या काढून तिथे गादीची खाट बसवायची, असं ठरलं. म्हणजे रुकय्या, तिच्यासोबत तिची नणंद, अब्दुलभाई आणि त्यांचा पुतण्या रफिक, इतकी माणसं जीपमध्ये. जीपच्या पाटीत त्यानंतर फार जागा उरत नव्हती. जेवढी उरली, तेवढ्यात ट्रेलरचं नाक बसवायचं होतं. मी पत्रा पातळ घेतला, आतली फळी हलकी सुचवली, आणि सुताराला बजावलं की किलोकिलोचा हिशोब आहे.

सुतार काम संपवून गेला आणि मी ट्रेलरच्या मागच्या दारातून आत शिरले, तर दाराशीच ओटा. काळ्याभोर कडप्प्याचा. घरात असतो तसा, जाड, पुढे गोल कड काढलेला. त्याच्याखाली स्टीलची पाण्याची मोठी टाकी.

"हे काय?"

"भाकरी कशावर थापायची?" अब्दुलभाई म्हणाले. "पत्र्यावर?"

"अहो, हा दगड आहे."

"दगड हाय म्हनून तर पन्नास वर्सं टिकेल."

हिराजीने ट्रेलरचं नाक दोन हातांनी उचललं. सहज उचललं, एखादी खुर्ची उचलावी तसं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "बाय, टाकी रिकामी हाय तरी यवढा हलका. पानी भरला का उलाळ."

ओटा काढायला अब्दुलभाई तयार नव्हते. शेवटी आम्ही नाकाकडच्या पेटीत दोन गॅस सिलिंडर, स्टेपनी आणि त्यांची लोखंडी ट्रंक हलवली. कागदावर जमत होतं. जेमतेम. पण कागदावर मी कोणाला जाऊ देत नाही. माझी पद्धत अशी होती की निघायच्या दिवशी जे जे न्यायचं ते सगळं भरायचं, घरची माणसं बसवायची, आणि तसंच्या तसं तुर्भ्याच्या वजनकाट्यावर यायचं. या पद्धतीवर लोक चिडत. बायका तर फारच. एका शेठाणीने काट्यावर पर्स उघडून तिच्यातली नाणी ड्रायव्हरकडे दिली होती.

रुकय्याला काट्याला आणायची मला गरज वाटत नव्हती. तिच्या वजनाची वाळूची पोती ठेवली की काम झालं असतं. निरोप पाठवला, तर तिचंच उत्तर आलं. "माझ्याऐवजी वाळू बसवताव, तर वाळूच पाठवा म्हायेरी."

तेव्हा ती आली. मी तिला तिथे पहिल्यांदा पाहिलं. जीपच्या खाटेवर आडवी, खिडकीतून रांगेतल्या ट्रकांकडे टक लावून बघत असलेली. चार वर्षांत ती दवाखान्याखेरीज कुठे गेली नव्हती. तुर्भ्याची धूळ, ट्रकवाल्यांच्या शिव्या, हॉर्न, सगळं ती जत्रेत आल्यासारखी बघत होती.

"ताई," ती मला म्हणाली, "इथं माणसांना पन तोलतात?"

"फक्त खऱ्या गिऱ्हाइकांना."

जीपचं वजन झालं, ट्रेलरचं झालं, नाकाचं झालं. पाटीत बसलं. चक्क थोडी जागाही उरली. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला ते पटेना. आपला अंदाज किलो-दोन किलोने चुकतो, एवढा चुकत नाही. पण काटा समोर होता, आकडा समोर होता. मी त्यांना बेलापूरला पारसिकच्या टेकडीच्या पायथ्याशी यायला सांगितलं आणि हिराजीला स्कूटरवर मागे घेऊन पुढे निघाले. टेकडीवर जाणारा तो रस्ता तेव्हा नवा आणि रिकामा होता. उताराची चाचणी मी तिथे घ्यायचे, आणि जीप स्वतः चालवायचे.

ते येईपर्यंत मी रस्त्याच्या कडेला फेऱ्या मारत होते. हिराजी म्हणाला, "बाय, बस जरा." मला बसवलं नाही.

रुकय्याला उतरायला सांगितलं तर तिने मान फिरवली. हळू जायचं होतं, म्हणून मीही हट्ट धरला नाही. बाकीच्यांना खाली उतरवलं. अर्ध्या चढावर जाऊन जीप वळवली आणि पहिल्या गिअरमध्ये खाली सोडली. हिराजी लाकडी पाचर घेऊन बाजूने चालत होता.

ठरल्या जागी मी ब्रेक दाबला. जीप थांबली नाही. म्हणजे थांबत होती, पण तिला थांबू दिलं जात नव्हतं. मागून एक सावकाश, जड ढकल आली, आणि जीपची मागची चाकं रस्त्यावरून हलकी झाल्याचं मला माझ्या बुडाखाली कळलं.

"मागून कोन ढकलतंय?" रुकय्याने विचारलं. घाबरून नाही. सासरच्या माणसाचं नाव विचारावं तसं.

हिराजी पळाला. पाचर चाकाखाली गेली, निसटली, दुसऱ्यांदा बसली. आम्ही थांबलो ते ठरल्या जागेच्या पुष्कळ खाली. वेग माणसाच्या चालीचा होता म्हणून थांबलो.

मी उतरून सरळ ट्रेलरच्या टाकीवर थाप मारली. काठोकाठ भरलेली.

"रफिक, काट्यावर ही टाकी भरलेली होती?"

रफिकने आधी पाच-सहा वर्षं ट्रक चालवला होता. तो अभिमानाने हसला. "नाय मॅडम. टेन्शन नका घेऊ, मी सांभाळून घेतला. काट्याच्या अगोदर पानी सोडून दिला. ओट्यावरची भांडी, तांदळाची गोन, सगळा चायवाल्याकडं ठेवला. परत येताना भरून घेतला."

"का?"

त्याला प्रश्नच कळेना. "काटा हाय ना मॅडम. काट्यावर हलका दिसायला पायजे."

मी त्याला रागावू शकले नाही. ट्रकवाल्याच्या जन्मात काटा कोणासाठी असतो? पकडणाऱ्यासाठी. काट्यावर जितकं कमी, तितका माणूस हुशार. आपल्याच चाचीच्या जिवासाठी कोणी तोलत असेल, हे त्याच्या डोक्यात येणार तरी कसं? अब्दुलभाईंनी मात्र त्याला तिथेच रस्त्यावर असं काही सुनावलं की रुकय्याला जीपमधून ओरडावं लागलं, "पुरे करा. पोरानं तुमच्यासाठीच केला."

दुसऱ्या दिवशी खरं वजन झालं. बसत नव्हतं. टाकी पुढे आणली तर उलाळपणा जात होता, पण नाकाचा भार वाढून जीप पाटीबाहेर जात होती. ओटा काढला तरी भागत नव्हतं. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक बसवावा म्हटलं, तर त्या मापाचा मिळत नव्हता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा लावून बघितला, तो नुसता झटके देई. त्यात अब्दुलभाई कोणाकडून तरी ऐकून आले.

"पाटा वाढवून द्या. मागं एकेक पाटा टाकला का जीप खाली बसनार नाय."

हे दुसरं वाक्य, जे मी आयुष्यभर ऐकत आले. पाटा म्हणजे गाडीच्या स्प्रिंगची पट्टी. वाढवली की गाडी मागून उंच राहते, दिसायला ताठ. पण आस तोच, ब्रेक तेच, सांगाडा तोच. चपलेला टाच लावली म्हणून माणसाची कंबर मजबूत होत नाही. हे मी त्यांना सांगितलं आणि लगेच जीभ चावली, कारण कंबरेचा दाखला त्या घरात द्यायला नको होता.

अब्दुलभाईंनी पाट्याचा विषय तिथेच सोडला. थोड्या वेळाने म्हणाले, "परवा फोन आला. म्हातारी आता पेजेशिवाय काय घेत नाय."

त्यानंतरचे दिवस मला नीट झोप नव्हती. ट्रेलर वर्कशॉपच्या अंगणात उभा, धुतलेला, खिडक्यांना पडदे लावलेले. जनरेटरच्या ट्रॉल्या रंगवून बाहेर जात होत्या, आणि मी येता-जाता त्या पांढऱ्या खोक्याभोवती फिरत होते, चिडलेली. हिराजी म्हणाला, "बाय, त्याच्याभोवती फिरून त्याचा वजन नाय कमी व्हायचा."

शेवटी मी स्वतः मोऱ्याला गेले. त्यांना तोंडावर सांगायला की होणार नाही, खाट घातलेली जीप तेवढी घेऊन जा. अर्थात ते मलाच पटत नव्हतं. वाटेत संडासाचं काय? आणि माहेरच्या घरात तरी तिच्यासाठी काय होतं?

अब्दुलभाई घरी नव्हते, धक्क्यावर होते. तिथे गेले तर होड्यांसमोर त्यांचा बर्फाचा छोटा ट्रक उभा. रफिक वरून लाद्या सरकवत होता. मी बोलायचं विसरले. ट्रकच्या दाराशी जाऊन पाटी वाचली, मग साडी खोचली आणि ट्रकखाली शिरले. सांगाडा, मागची आडवी पट्टी, आस, दुहेरी चाकं.

वरून कोणीतरी कोळीण म्हणाली, "बाय, मावरा वर हाय. खाली काय सोधतेस?"

दुसरी म्हणाली, "तिचा घो पलाला आसंल."

मी बाहेर आले, तेव्हा सगळा धक्का माझ्याकडे बघत होता आणि डोक्यावरून बर्फाचं पाणी गळत होतं. अब्दुलभाई धावत आले. "बाई, काय झाला?"

"हा ट्रक रिकामा किती दिवस देता येईल?"

"एक दिवस. बर्फ थांबला का होड्या थांबतात. का?"

"जीप माणसं नेईल. ट्रेलर हा नेईल. याच्या पाटीत तुमचा ओटासुद्धा मावतो."

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांच्या मनात ते चित्रातलं होतं. जीप, मागे पांढरं घर, सासुरवाडीच्या रस्त्याने दिमाखात. "बरफाच्या गाडीमागं? मावऱ्याचा वास येतो तिला बाई. जावई मानूस मी."

आम्ही घरी गेलो. खाटेवरून रुकय्याने सगळं ऐकून घेतलं. मग नवऱ्याला म्हणाली, "तुमाला मिरवायचा हाय का मना न्यायचा हाय, ते एकदा ठरवा. दोनी नाय व्हायचा."

रफिक म्हणाला, "चाची, मी ट्रक धुतो ना. अत्तर मारतो."

त्याने खरंच मारलं. तीन दिवसांनी सकाळी निघालो तेव्हा मासळी आणि अत्तर या दोन्हींचा मिळून जो वास येत होता, तो नुसत्या मासळीपेक्षा वाईट होता. मी ट्रकमध्ये रफिकच्या शेजारी बसले. माझं काही काम नव्हतं. हुक बसवलेला, वजन झालेलं, आणि या वेळी काट्यावर मी स्वतः टाकीत हात घालून पाणी पाहिलं होतं. पारसिकचा उतारही उतरून झाला होता. तरी मला रबाळ्यात बसून फोनची वाट बघता आली नसती. जीप पुढे, आम्ही मागे.

दर तासाला थांबायचं. ट्रेलर सपाटीवर उभा करायचा, टेकू द्यायचे, रुकय्याला आत नेऊन पलंगावर झोपवायचं. माणगावच्या पुढे आंब्याखाली थांबलो, तेव्हा तिच्या नणंदेने कडप्प्याच्या ओट्यावर तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. अब्दुलभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी आणखी एक भाकरी मागून घेतली.

म्हसळ्याच्या आधीचा घाट रफिक सावकाश उतरत होता. तो दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय लागेल न लागेल असा. मी माझ्या बाजूच्या आरशात ट्रेलर बघत होते. तो शेपूट हलवत नव्हता. वळणावर तो वळत होता, उतारावर जागेवर राहत होता, थांबवला की थांबत होता. खाली आल्यावर रफिकने घाम पुसला. "मॅडम, तुमी श्वास घ्या आता," म्हणाला.

गावाबाहेरच्या मैदानाशी पोचलो ते दुपारी. आणि तिथे अडलो.

रुकय्याच्या माहेराकडे जाणारी वाट दोन्ही बाजूंनी जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून, म्हणजे रचलेल्या कुंपणांमधून, जात होती. बैलगाडी जेमतेम जाईल इतकी. मी उतरून हातांनी मापलं. मग फुटपट्टीने मापलं. मग पट्टी परत पिशवीत टाकली. गाडीची मर्यादा, हुकाची मर्यादा, आसाची मर्यादा, सगळं आम्ही तोललं होतं. गल्ली कोणी मोजली नव्हती.

"अब्दुलभाई, तुम्ही इतकी वर्षं या वाटेने सासुरवाडीला येताय."

"जावई मापं घेत येतो काय बाई?"

रुकय्या जीपमध्ये. तिचं घर दीडशे पावलांवर असेल, आणि मध्ये दगडगोट्यांची चढाची वाट. जीपही अर्ध्यापर्यंतच गेली असती. चार माणसांनी खाट उचलली असती, पण ती उचलून न्यायला नकोच म्हणत होती. तिला तसं दिसायचं नव्हतं. आणि नेलं तरी घरात तिला लागेल ती सोय नव्हती, ती सगळी सोय इथे मैदानात चाकांवर उभी. गावातली पोरं, बाया जमायला लागल्या. कोणी गडगा पाडू म्हणत होतं. ज्याचा गडगा होता तो नको म्हणत होता.

तेवढ्यात रुकय्याचा भाऊ घरून पळत आला. धापा टाकत म्हणाला, "आई इचारते, ती पोचली का नाय. पोचली तर मना उचला म्हनते."

"उचला म्हणजे?" अब्दुलभाई म्हणाले.

"तिला नाय येता येत तर मी जाते म्हनते."

म्हातारीचं वजन ते काय असणार. चौघांनी खाटेसकट आणली, वर चादर, उन्हासाठी एकाने छत्री धरलेली. तोपर्यंत मी ट्रेलर मैदानात लावून चारही टेकू दिले, चाकांना पाचरी मारल्या. रुकय्याला आधी आत नेलं, मग समोरच्या, नणंदेसाठी केलेल्या पलंगावर म्हातारीला ठेवलं. दोघींच्या मध्ये हात पोचेल एवढीच जागा. ती जागा मी काढली होती, वजनाच्या हिशोबात.

कोणी रडलं नाही. फोनवर रडून झालं होतं बहुतेक. म्हातारीने आधी छत बघितलं, पडदे बघितले, ओटा बघितला. मग दाराशी उभ्या असलेल्या अब्दुलभाईंकडे बोट केलं.

"इतकी वर्सं परदेशात राहून यवढाच घर केलास?"

रुकय्या हसायला लागली. हसता हसता कंबर धरून "आई गं" म्हणाली आणि पुन्हा हसली. बाहेरच्या बायाही हसल्या. अब्दुलभाईंनी सासूला सलाम केला आणि मागे सरले.

आम्हाला त्याच दिवशी परतायचं होतं, बर्फ थांबला होता. ट्रेलरचं काय करायचं, ते विचारायला मी दाराशी गेले. आतून कुजबुज येत होती. रुकय्याने माझ्याकडे न बघताच हात हलवला.

"ट्रक न्या ताई. घर राहू दे."

तो ट्रेलर मोऱ्याला परत आला तो पावसाच्या तोंडावर. म्हातारी तोवर त्यातच होती. आपल्या घरी परत न्या, असं तिने कोणाला म्हटलं नाही, आणि शेवटपर्यंत मुलगी हाताच्या अंतरावर होती. मी आणखी दोन-तीन असे ट्रेलर केले, हौशी लोकांसाठी, पण ते काम वाढलं नाही. जनरेटरच्या ट्रॉल्याच चालल्या. वाईट वाटतं, कारण ते काम मला येत होतं.

त्या दिवशी मी हुक सोडवला, साखळी गोळा करून मागे टाकली आणि रफिकशेजारी बसले. ट्रक रिकामा, मागे काही नाही, घाट चढायचा आणि मग उतारच उतार. गाडी अशी पळत होती की मला धड बसवेना. प्रत्येक वळणाला मान आपोआप आरशाकडे जात होती आणि उतार आला की माझा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता.

"मॅडम," रफिक बऱ्याच वेळाने म्हणाला, "मागं आता काय नाय."

"माहीत आहे," मी म्हटलं. "तू पुढे बघ."